गेटवरची वही की पार्किंगमधला दिवा?

सोसायटीतली गाडी चोरीला गेली की येत्या रविवारी कमिटीची तातडीची मीटिंग लागते आणि तिथे दोन सूचना हमखास येतात. पहिली, गेटवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद सुरू करा. आधी वही, जमलं तर अ‍ॅप. दुसरी, पार्किंगमध्ये उजेड करा, रात्रीची फेरी वाढवा, चोर सापडेल असं काहीतरी करा. मेंटेनन्सच्या पैशात दोन्ही धड होत नाहीत, त्यामुळे एक निवडावी लागते. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला हेच विचारलं, दोघे घोडबंदर रोडचे आणि एक कोपरखैरणेचे. प्रत्येकाला फोनवर अर्धवटच सांगता आलं, म्हणून इथे सलग लिहितो.

मी दोन्ही प्रकार कमिटीत बसून राबवलेत. आधी ठाण्यात कोलबाडला, ६४ फ्लॅटच्या, दोन विंगांच्या जुन्या सोसायटीत. तिथे सात वर्षं राहिलो, त्यातली तीन वर्षं खजिनदार होतो. आता ऐरोलीत, ४० फ्लॅटच्या एकाच इमारतीत. कोलबाडला आम्ही वही निवडली होती, ऐरोलीत दिवा. कॅमेरे दोन्हीकडे होते, तुमच्याकडेही असतील, म्हणून त्यांच्याबद्दल लिहीत नाही. तुमची इमारत, तुमचा रस्ता वेगळा असेल, तेव्हा माझं म्हणणं तेवढं जमेला धरून वाचा.

कोलबाडला एका पावसाळ्यात दीड महिन्यात दोन स्कूटर गेल्या. दोन्ही जुन्या, दोन्ही मागच्या विंगच्या स्टिल्टमधून, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधून. मीटिंगमध्ये वही पंधरा मिनिटांत मंजूर झाली. खजिनदार म्हणून मीही हात वर केला, कारण वहीला खर्च नव्हता. एक जाड रजिस्टर आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. दिव्यांचं कोटेशन सोळा हजारांचं होतं, आणि रात्रीचा दुसरा वॉचमन म्हणजे दर महिन्याला मेंटेनन्समध्ये वाढ. वाढीचं नाव काढलं की सभेत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. वर्षभराने वहीच्या जागी अ‍ॅप आलं, तेही सुरुवातीला फुकट. मिनिटबुकात मी स्वतःच्या हाताने ‘खर्च नाही’ असं लिहिलं. त्या दोन शब्दांकडे पुढे परत येतो.

आधी चोराचा हिशोब, कारण दोन्ही पर्याय त्याच्यावरच उभे आहेत. गॅरी बेकर हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला निघाले होते आणि उशीर झाला होता. गाडी पार्किंगच्या आवारात नेऊन लावावी तर वेळ जाणार, रस्त्यावर नियम मोडून लावावी तर दंडाची शक्यता. त्यांनी दंडाची रक्कम आणि पकडलं जाण्याची शक्यता मनात तोलली आणि गाडी रस्त्यावरच लावली. दंड झाला नाही. पण चालता चालता त्यांच्या मनात आलं की दंड ठरवणाऱ्यांनीही असाच हिशोब केला असणार. त्यातून १९६८ मध्ये त्यांचा गुन्हा आणि शिक्षेवरचा प्रसिद्ध निबंध आला. १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गोखले रोडवर ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावणारा माणूस हेच गणित करत असतो, फक्त कागदावर मांडत नाही.

या गणितात चोराला रोखायच्या दोन सरळ वाटा आहेत. शिक्षा वाढवा, किंवा सापडण्याची शक्यता वाढवा. पहिली तुमच्या-माझ्या हातात नाही. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, जुन्या कायद्यातही तेवढीच होती. आणि ती दहा वर्षं केली तरी, आपण सापडणारच नाही अशी ज्याची खात्री आहे त्याला काय फरक पडतो? इटलीतल्या बेकारिया या विचारवंताने १७६४ मध्येच म्हटलं होतं की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती होणारच ही खात्री माणसाला जास्त आवरते. अलीकडे डॅनियल नॅगिन या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञाने अनेक अभ्यास एकत्र ठेवून साधारण तोच निष्कर्ष काढलाय. आमचा दिवा या दुसऱ्या वाटेवरचा.

वही तिसऱ्या वाटेवरची आहे. चोराला हात न लावता, चोरीच्या आसपास जी साधी, कायदेशीर कामं लोक रोज करतात त्यांनाच नियम लावायचे: पाहुण्याला यायला नोंद, भाडेकरूला पोलिसांकडे माहिती, सिमकार्डाला ओळखपत्र. ज्याने काहीही केलेलं नाही अशा माणसाला थोडी तसदी द्यायची, म्हणजे वाईट हेतूने येणाऱ्याचं काम अवघड होईल. ही वाट मुळात वाईट नाही, आणि ती कशी चालते ते पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नये असं मला वाटतं.

ती फार सुंदर चालल्याचं उदाहरण पश्चिम जर्मनीतलं आहे. तिथे मोटरसायकलवर हेल्मेट १९७६ पासून सक्तीचं होतं, पण १९८० पासून हेल्मेट नसेल तर जागेवर दंड सुरू झाला. हेतू फक्त डोकं वाचवण्याचा. पण १९८० मध्ये ज्या देशात १,५३,१५३ मोटरसायकली चोरीला गेल्या होत्या, तिथे १९८६ मध्ये आकडा ५४,२०८ वर आला. मोटारींची किंवा सायकलींची चोरी त्या प्रमाणात वाढली नाही, म्हणजे चोरांनी नुसता माल बदलला असंही झालं नाही. कारण साधं होतं. तिथल्या बऱ्याच चोऱ्या गाडी दिसली, मोह झाला, उचलली अशा प्रकारच्या होत्या. असा माणूस बरोबर हेल्मेट घेऊन फिरत नाही. आता तो चोरलेल्या गाडीवर बसला की बिनहेल्मेटचा म्हणून पहिल्याच चौकात नजरेत भरायचा.

हे वाचल्यावर मी बरेच दिवस विचार करत होतो की मग आपल्याकडे असं का होत नाही. हेल्मेट इथेही सक्तीचंच आहे. पण ऐरोलीच्या सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांवर संध्याकाळी उभे राहा. दूध आणायला, क्लासला मुलं सोडायला, स्टेशनवर कुणाला आणायला निघालेले कितीतरी जण बिनहेल्मेटचे दिसतील. त्यात एक चोर मिसळला तर कुणाच्या लक्षात येणार? जर्मनीत नियमाने चोर सापडला, कारण बाकी जवळजवळ सगळे नियम पाळत होते. सज्जनांना लावलेला नियम सज्जनांनीच अर्धा मोडला की चोराला लपायला गर्दी तयार होते.

आमच्या वहीचं नेमकं हेच झालं. पहिला महिना सगळे शिस्तीत लिहीत होते. मग ‘अरे, माझा भाचा आहे, सोड त्याला’ सुरू झालं. मग कमिटी मेंबरच्या पाहुण्यांना वही दाखवायची वॉचमनला भीती वाटू लागली. मग नावाच्या रकान्यात नुसती रेघ, नंबरच्या रकान्यात नऊच आकडे. मी एका रविवारी मागचे दोन महिने चाळले. वाचता येतील अशा नोंदी निम्म्याही नव्हत्या, आणि त्यातला एकही नंबर आम्ही कधी फिरवून पाहिला नव्हता. शिवाय पाहुण्या मुलीबाळींचे फोन नंबर गेटवरच्या स्टुलावर उघडे पडलेले, येणारा-जाणारा वाचू शकेल असे. अ‍ॅप आल्यावर ही शेवटची अडचण कमी झाली, हे मान्य. बाकीच्या होत्या तशाच राहिल्या.

तिसरी स्कूटर अ‍ॅप असतानाच गेली. कॅमेऱ्यात दिसतं: संध्याकाळी सव्वासातला वॉचमन फोनवर मान घालून एका डिलिव्हरीवाल्या मुलाचा फ्लॅट नंबर शोधतोय, आणि त्याच्या पाठीमागून एक माणूस स्कूटर ढकलत शांतपणे बाहेर जातोय. वॉचमनला मी दोष देणार नाही. आम्हीच त्याला सांगितलं होतं की येणाऱ्याकडे बघ. त्याच्याकडे दोनच डोळे होते आणि ते आम्ही दिवसभर निर्दोष माणसांवर लावून ठेवले होते.

अशा नियमात आणखी एक खोच असते, ती जाता जाता सांगतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीने मोटारींना स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं केलं, नव्या आणि जुन्या सगळ्याच गाड्यांना. ब्रिटनने १९७१ मध्ये ते फक्त नव्या गाड्यांना लावलं. जर्मनीत मोटारचोरी कमी झाली. ब्रिटनमध्ये नव्या गाड्या सुटल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. आपल्याकडे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना आली आणि महाराष्ट्रात मागाहून जुन्या गाड्यांनाही सक्तीची झाली. त्या वेळी लोक वैतागले, पण चोर जुनी गाडीच उचलतो हे पाहिलेला माणूस म्हणून मला ती सक्ती योग्य वाटते. कोलबाडला गेलेल्या तिन्ही स्कूटर दहा वर्षांपेक्षा जुन्या होत्या.

आणि काही ठिकाणी तिसरी वाटच बरोबर असते, यात मला शंका नाही. ॲसिडचं घ्या. २०१३ मध्ये ॲसिड हल्ल्यासाठी किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेचं वेगळं कलम कायद्यात आलं, आणि त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने विक्रीवर बंधनं घातली: दुकानदाराने रजिस्टर ठेवायचं, सरकारी ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. म्हणजे शिक्षाही वाढली आणि कायदेशीर खरेदीलाही नियम लागला. इथे मी डोळे मिटून नियमाच्या बाजूने आहे. तीव्र ॲसिड घरात वर्षातून एकदाही लागत नाही, त्यामुळे ओळखपत्र दाखवण्याची तसदी जवळजवळ शून्य. आणि ज्या मुलीचा चेहरा गेला तिला नंतरची कुठलीही शिक्षा, कुठलीही भरपाई काही परत देत नाही. हार्वर्डच्या स्टीव्हन शॅवेल यांनी १९८४ मध्ये अपघातांच्या संदर्भात असंच मांडलं होतं: नुकसान करणारा ते भरून देऊ शकणार नसेल किंवा हाती लागण्याचीच शक्यता कमी असेल, तिथे आधीच नियम घातलेला बरा. ही कसोटी मी सोसायटीलाही लावून पाहिली. स्कूटर भरून येते. विमा असतो, नसला तरी दुसरी घेता येते. आणि गेटमधून जाण्याची तसदी वर्षातून एकदा होत नाही, ती रोज होते, शंभर वेळा होते.

आता ज्या गोष्टीने माझं मत कायमचं बदललं ती सांगतो.

कोलबाडला आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई राबोडीहून चालत यायच्या. आमच्या दोन विंग मिळून त्यांची पाच घरं होती. सकाळी पावणेसातला पहिलं घर, साडेअकराला शेवटचं, मग दुसऱ्या इमारतीत आणखी दोन. वहीच्या काळात त्या सही करायच्या. अ‍ॅप आल्यावर त्यांना सहा आकडी कोड मिळाला. वॉचमनचा फोन चालू असेल तर अर्धं मिनिट, अडकला असेल तर पाच मिनिटं, आणि सकाळी सातला गेटवर एकट्या ताई नसायच्या. पोळ्यावाल्या मावशी, पेपरवाला, दूधवाला, गाड्या धुणारी मुलं, सगळे रांगेत. बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवायची. आणि पिशवीत घरातून दिलेलं काही असेल तर त्या घरच्या मेंबरची सही असलेली चिठ्ठी.

ही चिठ्ठीची कल्पना कमिटीतच निघाली होती आणि मी विरोध केला नव्हता.

त्या दिवाळीत आमच्या घरून ताईंना फराळाचा डबा आणि एक जुना कुकर दिला. बायको चिठ्ठी द्यायला विसरली आणि मुलाला घेऊन डॉक्टरकडे गेली. मी ऑफिसात. ताईंना गेटवर थांबवलं. त्यांनी मला फोन केला, मी मीटिंगमध्ये होतो, उचलला नाही. वॉचमनला अ‍ॅपवरून परवानगी हवी होती, ती आमच्या दोघांपैकी एकाने द्यायला हवी होती. पंचवीस मिनिटं त्या कुकर हातात धरून गेटच्या बाजूला उभ्या राहिल्या. ओळखीची माणसं येत-जात होती. काही थांबली, काहींनी विचारलं ‘काय झालं?’ शेवटी त्यांनी डबा आणि कुकर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला आणि पुढच्या घरी गेल्या. तिथे उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. भांडी घासून झाल्यावर बायकोला एवढंच म्हणाल्या, ‘वहिनी, यापुढे मला घरातलं काही देऊ नका.’ तीन महिन्यांनी त्यांनी आमच्या आवारातली पाचही घरं सोडली आणि जिथे गेट नव्हतं अशा जुन्या चाळवजा इमारतींमध्ये काम धरलं. पगार वाढवून देतो म्हटलं तरी नाही आल्या.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी घड्याळ लावून गेटजवळ उभा राहिलो, सकाळी सात ते दहा. बाहेरून कामाला किंवा काही पोचवायला आलेले ७१ जण मोजले. आत शिरताना आणि बाहेर पडताना मिळून प्रत्येकाची सरासरी दोन मिनिटं गेली असावीत. अगदी काटेकोर मोजमाप म्हणणार नाही. म्हणजे एका सकाळी साधारण १४० मिनिटं, महिन्याला सत्तर तास. कष्टकरी माणसाच्या तासाला ऐंशी रुपये जरी धरले तरी महिन्याला ५,६०० रुपये होतात. मी ज्या दिव्यांचं सोळा हजारांचं कोटेशन महाग म्हणून बाजूला ठेवलं होतं, तेवढे पैसे तीन महिन्यांत जात होते. फक्त ते आमच्या ताळेबंदात येत नव्हते. ते राबोडीसारख्या वस्त्यांत राहणाऱ्या माणसांच्या दिवसातून कापले जात होते. त्या ७१ जणांपैकी एकालाही आमच्या वार्षिक सभेत मत नव्हतं.

मिनिटबुकात मी लिहिलेलं ‘खर्च नाही’ चुकीचं होतं. खर्च होता, आणि तो आम्ही अशा लोकांवर ढकलला होता जे तक्रार करायला सभेत येऊ शकत नव्हते. दिव्याचा खर्च महाग वाटतो, कारण तो आपल्याच बिलात येतो. कमिटी वही का निवडते याचं माझ्या मते हे खरं कारण आहे, आणि तुम्ही निवडताना हा रकाना आधी भरा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ऐरोलीत आलो तेव्हा इमारतीत अशीच चर्चा चालू होती, कारण शेजारच्या प्लॉटमधून एक बाइक गेली होती. मी कोलबाडची सगळी हकिगत सभेत सांगितली. ठरलं ते असं. स्टिल्टमध्ये आणि मागच्या भिंतीला अकरा दिवे, हालचाल झाली की उजळणारे; साडेनऊ हजार रुपये. रात्री अकरा ते सहा वॉचमनने दर तासाला फेरी मारायची आणि मागच्या कोपऱ्यातल्या फळ्यावर खडूने वेळ लिहायची. वॉचमन सुरक्षा रक्षक मंडळाचा असो की एजन्सीचा, हे फळ्याचं काम दोघांनाही जमतं. त्याच्या वाढीव कामाचे पैसे त्यालाच मिळतील अशी व्यवस्था केली, एजन्सीच्या बिलात मिसळू दिले नाहीत. आणि कुणाची काहीही वस्तू गेली तरी पोलिसांत तक्रार द्यायचीच, कमिटीचा एक जण बरोबर जाईल. कोलबाडला पहिल्या स्कूटरच्या मालकाने ‘जुनीच तर होती’ म्हणून तक्रार दिलीच नव्हती. मग चोराच्या हिशोबात सापडण्याची शक्यता कुठून येणार? १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत माहिती ऑनलाइन देऊन तीन दिवसांत जाऊन सही करता येते, तेव्हा वेळ नाही ही सबबही राहत नाही.

उजेडाचा उपयोग होतो याला आधार आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये सरकारी वसाहतींपैकी काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून तिथे जादा दिवे लावले गेले. रात्रीचे, घराबाहेरचे गंभीर गुन्हे त्या ठिकाणी सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचं संशोधकांनी मांडलं. न्यूयॉर्क म्हणजे ऐरोली नव्हे, पण अंधारात हिंमत वाढते आणि उजेडात कमी होते हे बहुधा दोन्हीकडे सारखंच असावं.

यात आम्ही एक नियमही घातला, आणि तो सज्जनांवरच आहे, हे लपवत नाही. प्रत्येक दुचाकीला एक नंबर असलेला पितळी बिल्ला, किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा. रात्री अकरा ते सहा गाडी बाहेर काढताना तो वॉचमनला दाखवायचा. त्याच्याकडे बिल्ल्याचा नंबर आणि गाडीचे शेवटचे चार आकडे यांची यादी आहे. आठ-दहा सेकंदांचं काम. अध्यक्षांपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत कुणालाही सूट नाही, आणि पहिले सहा महिने अध्यक्षच मुद्दाम सगळ्यांसमोर बिल्ला दाखवायचे. वहीपेक्षा हा मला का पटतो? तसदी ज्याला होते, गाडी त्याचीच वाचते. ती दिवसभर नसते. वॉचमनची नजर आत येणाऱ्या माणसावर नसून बाहेर जाणाऱ्या गाडीवर राहते. आणि सगळे पाळतात, त्यामुळे बिल्ला नसलेला माणूस त्या जर्मन चोरासारखा लगेच उठून दिसतो.

दिव्याचे दोषही सांगायला हवेत. पहिल्या मजल्यावरच्या एका आजींच्या खोलीत रात्रभर उघडझाप जाणवायची; दोन दिव्यांची तोंडं फिरवावी लागली. पावसाळ्यात सेन्सर मांजर गेलं तरी लागतात. फळ्यावर तीन फेऱ्यांच्या वेळा एकदमच लिहिल्याचं दोनदा सापडलं. बिल्ल्याचा एकदा त्रासही झाला: एका मेंबरच्या वडिलांना रात्री छातीत दुखू लागलं आणि घाईत किल्ली दुसरीच उचलली गेली. वॉचमनने ओळख पाहून लगेच सोडलं, पण आम्ही पुढच्याच सभेत लिहून ठेवलं की आजारी माणूस बरोबर असेल तर काहीही विचारायचं नाही. आणि सगळ्यात मोठी शंका, जी मला आजही वाटते: आपल्याकडे उजेड झाला म्हणून चोर शेजारी गेला तर? आम्ही शेजारच्या दोन सोसायट्यांना दिव्यांचं कोटेशन आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. एकीने दिवे लावले, दुसरीचं अजून चाललंय.

चार वर्षांत आमच्याकडून एकही दुचाकी गेली नाही, मुलांची एक सायकल गेली. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. नशीबही असेल.

भाडेकरूंच्या पोलीस नोंदणीचा विषय याच चर्चेत येतो, म्हणून थोडक्यात. पोलीस आयुक्तालयांचे याबाबतचे आदेश पूर्वी कलम १४४ खाली निघायचे, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. असा आदेश एका वेळी दोन महिन्यांपुरता असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा निघताना दिसतो. करार नोंदणी तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे सक्तीचीच आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. मला ही बंधनं मान्य आहेत. काम भाडेकरारामागे एकदाचं, घरबसल्या अर्ध्या तासाचं, आणि तसदी ज्याला भाडं मिळतं त्याला. फक्त कमिटीने त्याला स्वतःच्या अटी चिकटवू नयेत. कोलबाडला आमच्या कमिटीने नोकरी करणाऱ्या दोन मुलींकडे आईवडिलांचं पत्र मागितलं होतं. त्याचा चोरीशी काहीही संबंध नव्हता आणि मी तेव्हा गप्प बसलो, याचं आजही वाईट वाटतं.

मग वही कुणी घ्यावी? घोडबंदरच्या त्या दोघांपैकी एकाचं संकुल वीस-बावीस मजल्यांच्या टॉवरांचं आहे. हजारावर घरं, चार गेट, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. तिथे काहीच नोंद ठेवू नका असं मी म्हणणार नाही. वॉचमनला चेहरे माहीत असणं तिथे शक्यच नाही. पण तिथेही रोज येणाऱ्या माणसांना एकदाच फोटोचं कार्ड द्या आणि रोज थांबवू नका. पिशव्या उघडायला लावू नका. वही खरंच ठेवणार असाल तर आठवड्याला पाच नोंदी फोन करून तपासायला एक माणूस नेमा; तो नेमायची तयारी नसेल तर वहीवर वेळ घालवू नका. आणि कोपरखैरणेच्या मित्राची रो-हाउसची गल्ली आहे, सोळा घरांची. त्यांना मी सरळ दिवेच सांगितले.

ठरवण्याआधी एक सकाळ गेटवर उभे राहा, सात ते दहा. माणसं मोजा, त्यांची मिनिटं मोजा, आणि तो आकडा दिव्यांच्या कोटेशनशेजारी लिहून सभेत वाचा. मीटिंगची नोटीस काढताना घरकामाला येणाऱ्या दोघी-तिघींनाही बोलवा. त्या येतील की नाही सांगता येत नाही. आमच्याकडे पहिल्या वेळी एकच आल्या, ऐरोलीच्या चिंचपाड्याच्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की मागच्या गल्लीचा दिवा सकाळी साडेपाचलाच बंद होतो, तो साडेसहापर्यंत ठेवा, आम्ही त्याच वेळी येतो. दुसऱ्या दिवशी टायमर बदलला.